मधाच्या रंगाचं पाणी

नोकरीत असताना माझ्या उजव्या हाताची बोटं कायम काळपट असायची. हळदीकुंकवाला गेले की अत्तर लावणारी बाई जरा थबकायची आणि विचारायची, "मेंदी बिघडली का हो?" मी हो म्हणून मोकळी व्हायचे. सिल्व्हर नायट्रेट म्हणून एक औषध असतं, ते कातडीला लागलं की उजेडात काळं पडतं आणि मग कुठल्याही साबणाला दाद देत नाही, हे तिथं वाण लुटायच्या गडबडीत कुणाला समजावत बसणार?

मी पाणी तपासायचे. आधी साताऱ्याला, मग बदली झाली तेव्हा सांगलीला. नव्वदच्या दशकात आमच्या प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक बेसिन, एक फ्रीज आणि रंग मोजायचं एक यंत्र. ते यंत्र मुंबईहून माणूस आला की चालायचं आणि माणूस गेला की बंद पडायचं. त्यामुळं खरी भिस्त डोळ्यांवर. उंच, अरुंद काचेच्या नळ्या असतात. एकीत नमुन्याचं पाणी, शेजारच्या नळ्यांत धातूचं माप माहीत असलेली पाणी, सगळ्यांत तेच औषध घालायचं, खाली पांढरी फरशी ठेवायची आणि वरून वाकून बघायचं. रंग ज्या नळीशी जुळला तेवढा तो धातू पाण्यात. बस, एवढंच आमचं शास्त्र. वाकून वाकून माझी कंबर गेली, पण रंगाला डोळा असा पक्का झाला की ऑफिसातल्या बायका साडीवर ब्लाउजपीस जुळवायला मलाच बाजारात न्यायच्या. पगाराबाहेरचा हा मान मला फार आवडायचा.

लोक पाणी कशातून आणतील याचा नेम नसायचा. धुतलेल्या स्वच्छ कॅनमधून आणा म्हणून पाटी लावली होती. माण तालुक्यातला एक मेंढपाळ खोबरेल तेलाच्या बाटलीतून घेऊन आला होता. पाण्यावर तवंग आहे म्हणाले, तर म्हणतो, "बाई, ते तेल हाय. त्याच्या खालचं तेवढं तपासा." एक निवृत्त सुभेदार रमच्या बाटलीतून आणायचे. बाटली धुतली का विचारलं, तर दुखावले. धुतली असती तर वासच आला नसता ना, असा त्यांचा चेहरा. पाचगणीच्या एका शाळेतला आचारी तर पाण्याऐवजी थर्मासमधून चहाच घेऊन आला. नवी बोअर मारल्यापासून चहा जांभळट-काळा होतो आणि प्रिन्सिपॉलबाई त्याच्यावर संशय घेतात, अशी त्याची तक्रार होती. मला हसू आलं, पण त्याचं बरोबरच होतं. चहात, आवळ्यात, हिरड्यात एक तुरट द्रव्य असतं. पाण्यात लोखंड असलं की दोघांची गाठ पडून शाई होते. पूर्वी दौतीतली शाई अशीच करायचे. आचाऱ्याच्या बोअरचा पाइप गंजला होता, आणि माझ्या यंत्राआधी त्याच्या चहाला ते कळलं होतं.

या हिरड्यावरूनच पुढची गोष्ट घडली. साताऱ्याच्या प्रयोगशाळेत रशीदभाई म्हणून मदतनीस होते. पावसाळा सुरू झाला की त्यांचा खोकला सुरू. महाबळेश्वरच्या बाजूचे हिरडे आणून ते आमच्याच बीकरमध्ये, आमच्याच बर्नरवर काढा करायचे. मी ओरडायचे, ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा त्यांनी नीट न धुतलेल्या बीकरमध्ये मी सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण ओतलं. बघते तो ते हळूहळू पिवळं व्हायला लागलं. आधी लिंबासारखं, मग मधासारखं. काळं पडायला हवं होतं ते मधाचा रंग घेऊन स्वच्छ पारदर्शक राहिलं.

"रशीदभाई, हे काय केलंत?"

"मी काय केलं? तुमीच वतलं की," ते म्हणाले आणि वर म्हणाले, "दिसतंय झकास, बाई. फेकू नका."

मी फेकलं नाही. पुन्हा करून बघितलं. काढ्याचे थोडेच थेंब, जरासं कोमट करायचं, की हमखास मध. हिरडा चांदीला द्रावणातून बाहेर काढतो, पण इतक्या बारीक कणांच्या रूपात की ते खाली बसत नाहीत आणि डोळ्यालाही दिसत नाहीत. दिसतो तो फक्त त्यांचा रंग. आणि चांदी इतकी बारीक झाली की पांढरी न दिसता पिवळी दिसते. जुन्या पुस्तकात अशा चांदीबद्दल दोन ओळी सापडल्या, तेवढ्यावर मी समाधान मानलं.

मग फावल्या वेळात कपाटातल्या एकेका धातूचं माप-पाणी त्या मधात घालून बघायचा मला नादच लागला. शिसं घातलं, जस्त घातलं, फार काही होईना. लोखंडानं शाई केली, ते अपेक्षितच. पाऱ्याचं पाणी घातलं आणि रंग गेला. गढूळ झाला नाही, काळा झाला नाही, नुसता गेला. नळीत साधं पाणी राहिलं. मी आणि रशीदभाई दोघंही वाकून त्या नळीकडं बघत राहिलो. पारा चांदीला धरतो आणि कणांचा रंग जातो, हे कारण नंतर सुचलं. त्या क्षणी मला फक्त आनंद झाला होता, अगदी लहानपणी पतंग वर गेल्यावर व्हायचा तसा.

साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं, छान म्हणाले आणि विचारलं, "मॅन्युअलमध्ये आहे का?" नव्हतं. "मग रिपोर्टात येणार नाही," एवढं बोलून ते फायलीकडं वळले. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. आज माझ्या भाचीची मुलगी कोल्हापुरात याच विषयात संशोधन करते. पाल्याच्या अर्कातून नॅनोकण करायचे आणि त्यांनी पाण्यातले धातू ओळखायचे. तिच्या तोंडून ऐकताना अभिमान वाटतो आणि आपण हे कुठं तरी लिहून ठेवायला हवं होतं म्हणून चुटपूटही लागते. पण नॅनो हा शब्दच तेव्हा आमच्या गल्लीत पोचलेला नव्हता. आमच्याकडं त्याचं नाव मध होतं, आणि सांगलीला बदली झाल्यावर मी तो तपकिरी बाटलीत भरून बरोबर नेला.

सांगलीत त्याचा उपयोग झाला तो एकदाच, पण झाला तो असा की मी जन्मभर विसरणार नाही.

ऑक्टोबर छाटणी होऊन द्राक्षबागा फुटायला लागल्या होत्या. एका दुपारी पांढरा शर्ट घातलेला पन्नाशीचा माणूस दारात उभा राहिला. हातात पाण्याचा कॅन, आणि आश्चर्य म्हणजे कॅन स्वच्छ. त्यांचं नाव आनंदराव. गाव विट्यापासून जवळच. विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख, जुने दागिने, त्यातून हे लोक सोनं वेगळं काढून देतात. आनंदरावांची हयात तिकडं तामिळनाडूत, सेलमला गेली होती. बायकोचा एकच हट्ट होता, आपल्या गावात आपलं घर. म्हणून त्यांनी गावात घर बांधलं, मागच्या बाजूला छोटी भट्टी टाकली आणि विट्याच्या सोनारांचं काम करायला लागले.

"बाई, एवढं बगा यात पारा हाय का," ते म्हणाले. "नसंल तर नसंल म्हणून सांगा. असंल तर मी आजच्या आज भट्टी मोडतो."

गावच्या विहिरीचं पाणी कडवट लागायला लागलं होतं. पोरांना उलट्या झाल्या. घराघरांतल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यांना काळे ठिपके पडून भोकं पडली. पारा जर्मनची भांडी खातो हे खेड्यात सगळ्यांना माहीत असतं, आणि गावात पारा असणारं घर एकच. सोन्याची बारीक धूळ गोळा करायला गलाईवाले पारा वापरतात. आनंदरावांच्या बाटलीतला एक थेंब घेऊन कधीतरी शेजारची पोरं पाटीवर फिरवून खेळली होती, तेवढं पुरलं. लोकांनी त्यांच्या घरचा चहा बंद केला. सोमवारच्या ग्रामसभेत ठराव येणार होता. भट्टी तर जाणारच होती, पण बोलणं घर रिकामं करण्यापर्यंत गेलं होतं.

"मी जातो की परत सेलमला," ते म्हणाले. "माजं काय, तामिळ येतंय मला. पण बायकू गेली आठ दिस जेवंना नीट. तिला कसं सांगू, तुजंच गाव तुला नगो म्हणतंय?"

आमच्याकडं पारा मोजायची सोय नव्हती. नमुना पुण्याला पाठवायचा आणि वाट बघायची. सोमवार काही वाट बघणार नव्हता. नमुना मी रीतसर पाठवला आणि उरलेल्या पाण्यात, ते गेल्यावर, माझा मध घातला.

रंग गेला नाही. करडा, गढूळ झाला. हे मला ओळखीचं होतं. खारट, जड पाण्यात हे कण एकत्र येऊन असंच करतात. अगदी कणभर पारा असता तर माझ्या मधाला कदाचित कळला नसता, पण पातेल्याला भोक पाडण्याइतका असता तर रंग पार पुसून गेला असता. म्हणजे पारा नव्हता. पण भोकं तर होती. जर्मनची भांडी आणखी कोण खातं? मी दुसऱ्या नळीत तेच पाणी घेतलं, अमोनिया टाकला आणि वरून वाकून बघितलं. तळाशी सुरेख निळा रंग. तांबं.

माझा आनंद तिथंच मावळला. कारण दागिन्यात तांबं असतंच. गलाईवाला ॲसिडमध्ये ते विरघळवतो आणि सांडपाण्यात सोडतो. म्हणजे मी पाऱ्यातून त्यांना सोडवलं होतं आणि तांब्यात अडकवलं होतं. त्या बाईला मी पाहिलेलंही नव्हतं, पण घरी गेल्यावर मलाही जेवण गेलं नाही.

सोमवारी मी सांगलीच्या साहेबांना म्हणाले, नमुने घ्यायला जाते. जीप बंद होती. एसटीनं गेले, मांडीवर नळ्यांची पेटी, पर्समध्ये अमोनियाची बाटली. बूच जरा सैल होतं. पुढच्या दोन सिटांवरची माणसं विट्यापर्यंत डोळे पुसत होती.

गावात उतरले तर आनंदराव न्यायला आले होते. आधी विहीर बघितली. गावठाणातच, बांधीव, शेजारी सिमेंटचा मोठा हौद. तिथून आनंदरावांचं घर पन्नास पावलांवर. मागं भट्टी, आणि भट्टी व विहीर यांच्या बरोबर मधे त्यांच्या अंगणात एक हापसा. त्यांची बायको इंदूबाई हापशाशी उभी होती. उंच, सडसडीत, डोळे सुजलेले.

"ह्याचं पाणी कोण पितं?" मी विचारलं.

"आमीच. गाव कशाला पिईल?" त्या म्हणाल्या.

मी त्याचाही नमुना घेतला आणि मनात पहिल्यांदा जरा उजेड पडला.

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. सरपंच म्हणजे चाळिशीचे बागायतदार, तडफदार, आणि गावाच्या पोरांसाठी खरोखर कळवळून बोलणारे. त्यांचा राग खोटा नव्हता. मी म्हणाले, मी रिपोर्ट द्यायला आले नाही, माझी पद्धत सरकारी पुस्तकात नाही. पण तुमच्यासमोर करून दाखवते, काय दिसतं ते तुम्हीच सांगा. लोकांना हे आवडलं. वर्गातलं बाक बाहेर आलं, खाली पांढरी ताटली ठेवली.

आधी प्रयोगशाळेतून आणलेल्या शुद्ध पाण्यात मध घातला आणि त्यात माझ्या बाटलीतलं पाऱ्याचं पाणी. रंग पुसला गेला. सगळ्यांनी रांगेनं वाकून बघितलं. एका म्हाताऱ्यानं दोनदा बघितलं. "पारा असला की असं होतं," मी सांगितलं. मग गावच्या विहिरीचं पाणी घेतलं. रंग करडा, गढूळ झाला.

"बदलला बगा रंग," मागून कुणीतरी ओरडलं. "पारा हाय."

गलका झाला. आनंदराव भिंतीला टेकले. मी आवाज चढवून विचारलं, "सरपंच, तुमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी मिळेल का?" मळा लांब, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. एकजण मोटारसायकलवरून कळशी घेऊन आला. त्या पाण्यात मध घातला. तोही तसाच करडा झाला.

"आता तुमच्या विहिरीत पारा कुणी टाकला?" मी विचारलं. "हा पाण्याच्या जडपणाचा रंग आहे. पारा असता तर रंगच उरला नसता."

हशा झाला, सरपंचही हसले. मग मी अमोनिया काढला. गावच्या विहिरीचं पाणी निळं झालं, मळ्यातलं झालं नाही. हे तांबं, मी म्हणाले. सरपंच हुशार माणूस, त्यांनी लगेच पकडलं.

"मग त्येच की बाई. पारा न्हाई, तांबं हाय. दागिन्यातलं तांबं. म्हंजी भट्टी हीच."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "भट्टीचं सांडपाणी विहिरीकडं झिरपत असेल तर वाटेत पहिल्यांदा त्यांच्या अंगणातला हापसा लागतो. त्यांच्या घरची माणसं तेच पाणी पितात."

हापशाचं पाणी मी नळीत भरलं. अमोनिया टाकला. थांबले. वाकून बघितलं. मग बाजूला झाले आणि सरपंचांना बघायला सांगितलं. त्यांनी बघितलं, ताटली हलवून बघितली, नळी उन्हाकडं धरून बघितली. पाणी होतं तसं होतं.

"मग आलं कुठनं तांबं?" ते म्हणाले. आवाज उतरला होता.

पुरुष आपापल्या नखांकडं बघायला लागले. तो निळा रंग कुठला हे मला कळलं नसलं तरी तिथल्या प्रत्येक पुरुषाला कळलं होतं. त्यांच्या सदऱ्यांवर, नखांत, बैलगाडीच्या चाकांवर तो होता. बायकांच्या घोळक्यातून सरपंचांच्या आई पुढं आल्या. गावात त्यांना आक्का म्हणायचे.

"इचारतोस काय?" त्या लेकाला म्हणाल्या. "हिरीजवळच्या हौदात रोज सांच्याला पोतं कशाचं भिजत घालता रं तुमी?"

द्राक्षाला दावण्या रोग पडू नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून फवारतात. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. त्याचे खडे लवकर विरघळत नाहीत, म्हणून पोत्यात बांधून रात्रभर पाण्यात लटकवून ठेवतात. गावठाणातले बागायतदार ते काम सोयीचं म्हणून विहिरीच्या हौदात करायचे. हौदाच्या तळाला चीर गेली होती. निळं पाणी रोज रात्री थेंबथेंब विहिरीत परत जात होतं.

"माजं पातेलं गेलं ते तुज्या पोत्यानं व्हय रं?" आक्कांनी विचारलं. "आन् मी बसल्येय त्या इंदीला शिव्या देत."

आधी एकजण हसला, मग सगळा व्हरांडा. सरपंचांनी टोपी काढून डोकं खाजवलं. पुढं होऊन त्यांनी आनंदरावांचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "आनंदातात्या, चुकलं आमचं." आनंदराव मान हलवत राहिले. ठराव झाला तो हौद बुजवायचा आणि विहीर पूर्ण उपसायची. पुण्याचा अहवाल पुढं यथावकाश आला, त्यातही पारा नव्हता, पण तोवर त्याची वाट कुणी बघत नव्हतं.

मी नळ्या धुवून पेटीत भरत होते तेव्हा सरपंचांनी विचारलं, "बाई, हीर साफ हुईस्तवर पियाला पाणी कुठलं घ्यावं?"

मळे लांब. ओढ्याचं पाणी मी बघितलं होतं, ते जनावरांनाही देऊ नये असं. मी पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "गावठाणात पिण्यासारखं पाणी मला एकाच ठिकाणी सापडलंय. आनंदरावांच्या हापशाला."

परतीची एसटी यायला वेळ होता, म्हणून मी त्यांच्या घरी चहाला थांबले. ऊन कलतं झालं होतं. अंगणाच्या फाटकाबाहेर एकेक करून बायका जमायला लागल्या. काखेत घागरी, डोक्यावर हंडे. कुणी आत येत नव्हतं आणि कुणी परतही जात नव्हतं. सगळ्यांच्या पुढं आक्का होत्या, हातात भोक नसलेलं एक नवं पातेलं. आनंदराव उठून फाटकाकडं निघाले, तर इंदूबाईंनी त्यांना हातानंच मागं सारलं. त्या स्वतः गेल्या. पदर खोचला, कडीवर हात ठेवला आणि रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मला वाटलं, आता या आठ दिवसांचं सगळं बोलून टाकणार. आक्कांनाही तसंच वाटलं असावं, त्यांनी मान खाली घातली.

"भांडी घासून आणल्यात न्हवं?" इंदूबाई म्हणाल्या. "मोरचुदाचं भांडं माज्या हापशाखाली चालायचं न्हाई."

मग त्यांनी फाटक सताड उघडलं.